कस, वजन आणि काळ : आहत नाण्यांची साक्ष

आमच्या इंदूरच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताम्हनात मांडायची नाणी एका लाल खणाच्या पुरचुंडीत बांधून देवघरात ठेवलेली असत. त्यांत राणीछाप रुपये होते, होळकरशाहीतले सूर्याच्या मुद्रेचे रुपये होते आणि या सगळ्यांच्या तळाशी ना धड गोल ना धड चौकोनी असे चांदीचे दोन ओबडधोबड तुकडे होते. आजी दरवर्षी सगळी नाणी चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करी आणि हे दोन तुकडेही त्या स्नानातून सुटत नसत. आजोबा महसूल खात्यात नोकरीस असताना उज्जैनकडच्या एका शेतकऱ्याने नांगरताना सापडलेले असे सात तुकडे त्यांना आणून दिले होते, असे घरात सांगत. त्यांतले पाच आत्याच्या बारशाच्या वेळी सराफाकडे गेले आणि त्यांचे वाळे झाले. सराफाने मूस तापवल्यावर एवढेच म्हटले होते, "चांदी चोख नाही, तांब्याची भेळ आहे, घट येईल." जेमतेम दीड तोळ्याचा तो व्यवहार. घरात तो पुढे कित्येक वर्षे सांगितला गेला, तो सराफाच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून.

ते तुकडे म्हणजे आहत नाणी, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. भारतातली ही सर्वांत जुनी नाणी. चांदीचा पत्रा कापून, वजन जुळवण्यासाठी गरजेप्रमाणे कोपरे छाटून, त्यावर छोट्या ठशांनी सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, टेकडी, बैल, हत्ती अशी चिन्हे उमटवीत. त्यांवर राजाचे नाव नाही, सालाचा उल्लेख नाही, अक्षर म्हणून एकही नाही. वाचण्याजोगे काही नसलेले हे नाणे इतिहासकाराला काय सांगणार, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत धातूनेच दिले आहे. नाण्याचे वजन आणि नाण्याचा कस या दोन गोष्टींनी जे सांगितले, ते कोणत्याही लेखात कोरलेले नव्हते. मात्र ही साक्ष जितकी मोलाची तितकीच नाजूक आहे. ती कशी मिळते आणि कशी नष्ट होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वजनाची कथा. ती सांगताना एका गोमंतकीयाचे नाव अपरिहार्यपणे येते, ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. 1907 साली गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेले, बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. अमेरिकेत हार्वर्डला शिक्षण घेऊन आलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे हे प्राध्यापक नाण्यांकडे वळले ते संख्याशास्त्राच्या वाटेने. त्यांना एक प्रत्यक्षातला प्रश्न हवा होता, ज्यावर संख्याशास्त्राची परीक्षा घेता येईल. आहत नाणी त्या कामाला अगदी योग्य ठरली. 1940 च्या सुमारास त्यांनी या विषयावर लिहावयास सुरुवात केली आणि 1966 मध्ये, मृत्यूच्या वर्षीसुद्धा, ते त्यावर लिहीतच होते.

त्यांच्या विचाराचा गाभा साधा आहे. टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले नाणे ठरलेल्या वजनाच्या जवळपास असते. पण कारागीर हातानेच काम करीत असल्याने काही नाणी किंचित भारी तर काही हलकी निघतात. पुढे ती नाणी हातोहात फिरतात, कसे-पिशवीत एकमेकांवर घासतात, आणि प्रत्येक व्यवहारात धातूचा अगदी सूक्ष्म कण गमावतात. एखाद्या नाण्याबद्दल काही सांगता येत नाही. परंतु एकाच वेळी निघालेली शेकडो नाणी घेतली तर त्यांचे सरासरी वजन काळाबरोबर नियमाने उतरत जाते आणि त्यांच्यातला भारी-हलकेपणाचा फरक वाढत जातो. म्हणजेच वजनाचा ऱ्हास हे एक घड्याळच झाले. हा नियम तपासण्यासाठी कोसंबींनी जुन्या नाण्यांबरोबर आपल्या काळातल्या चालू चलनातील हजारो नाणीही तराजूत घालून पाहिली. त्यांवर साल छापलेले असते, म्हणून घड्याळ बरोबर चालते की नाही हे त्यांवरून ताडून पाहता आले.

हे घड्याळ लावण्यासाठी त्यांना उत्तम सामग्री मिळाली ती तक्षशिलेची. तेथील भीर टेकाडावर 1924 मध्ये हजाराहून अधिक आहत नाण्यांचा एक साठा मिळाला होता. त्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडियस याचे एक नाणे होते. फिलिप इ.स.पू. 317 मध्ये मारला गेला. त्यामुळे हा साठा त्यानंतर फार उशिरा पुरलेला नाही, हे कळण्याची सोय झाली. 1912 मध्ये त्याच टेकाडावर मिळालेल्या दुसऱ्या, लहान साठ्यात बॅक्ट्रियाच्या डायोडोटसचे सोन्याचे नाणे होते. म्हणजे तो इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या नंतरचा. एक साठा मौर्यांच्या उदयाच्या वेळचा, दुसरा त्यांच्या राजवटीतला. ई. एच. सी. वॉल्श यांनी या नाण्यांची वजने व चिन्हे यांसह तपशीलवार नोंद केली आणि पुरातत्त्व खात्याने ती 1939 मध्ये प्रसिद्ध केली.

या नाण्यांच्या पुढच्या बाजूवर साधारणपणे पाच चिन्हे असतात. ती टांकसाळीची. मागच्या बाजूवर मात्र अनेक लहान चिन्हे दिसतात, काही नाण्यांवर एखादे, तर काहींवर कितीतरी. कोसंबींनी नाण्यांची मागच्या चिन्हांच्या संख्येप्रमाणे वर्गवारी केली आणि प्रत्येक वर्गाचे सरासरी वजन काढले. जितकी चिन्हे अधिक, तितके सरासरी वजन कमी! याचा अर्थ उघड होता. ही मागची चिन्हे चलनात असताना ठराविक काळाने नाणे पारखून कोणीतरी उमटवीत असे. कोसंबींच्या मते ते काम व्यापाऱ्यांच्या संघांचे होते. आपल्या सराफांनी रुपयावर पाडलेले पारखीचे ठसे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. बिनअक्षरी नाण्याला अशा रीतीने एक कालक्रम मिळाला, तोही केवळ तराजूच्या जोरावर.

आता कसाकडे वळू. नुसते वजन पुरेसे नाही, हे आपल्या घराघरांतल्या अनुभवावरूनही कळेल. ब्रिटिश रुपया 1835 पासून एक तोळ्याचा, म्हणजे 180 ग्रेनचा होता आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. 1940 मध्ये महायुद्धाच्या ओढाताणीत त्याच वजनाच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त आले. 1947 मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. तराजूला 1939 आणि 1940 चे रुपये सारखेच. पण लोकांनी जुने रुपये घरात ठेवले आणि नवे बाजारात सोडले. खणाच्या पुरचुंडीत राणीछाप रुपये का सापडतात, याचे हेही एक कारण आहे. राज्याची अडचण तराजूने नव्हे, तर कसाने उघड केली.

प्राचीन नाण्यांच्या कसाबद्दल एक लिखित पुरावाही आपल्याकडे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात टांकसाळीच्या अधिकाऱ्याला लक्षणाध्यक्ष म्हटले असून चांदीचा पण कसा पाडावा याचे प्रमाण सांगितले आहे. सोळा माष्यांच्या नाण्यात चार माषे तांबे, एक माषा लोखंड, कथील, शिसे किंवा सुरमा यांपैकी एखादा धातू, आणि उरलेले अकरा माषे चांदी. म्हणजे चांदी शेकडा 68.75, तांबे 25 आणि इतर धातू 6.25. नाणे चलनास योग्य आहे की नाही हे पाहणारा रूपदर्शक नावाचा अधिकारी निराळा. अर्थशास्त्राच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरीही शास्त्रकाराने भेळ हा गुन्हा न मानता नियम म्हणून सांगितली आहे, ही गोष्ट महत्त्वाची. शुद्ध चांदी मऊ असते. व्यवहारात टिकण्यासाठी तिला थोडे तांबे लागतेच. प्रश्न भेळ आहे की नाही हा नसून ती किती आहे, आणि ती कोणत्या काळात वाढली, हा आहे.

नेमक्या याच प्रश्नावर कोसंबींनी एक मोठे विधान केले. मौर्यकाळातल्या नाण्यांत तांब्याचे प्रमाण एकाएकी वाढते, घडण कच्ची होते आणि वजनातला फरक इतका बेशिस्त होतो की मूळ प्रमाणवजन ठरवणे कठीण जाते, असे त्यांनी दाखवले. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा, की प्रचंड सैन्य आणि नोकरशाही पोसणाऱ्या साम्राज्याला चांदीची टंचाई भासू लागली होती; नाण्यांची मागणी पुरवठ्याच्या पलीकडे गेली होती. मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची एक खूण त्यांना नाण्यातल्या तांब्यात दिसली. शिलालेखात अशोकाने धर्म सांगितला. त्याच्या वंशजांच्या खजिन्याचे दुखणे मात्र नाण्याच्या पोटात राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. रोमिला थापर यांनी अशोक आणि मौर्यांचा ऱ्हास यांवरील आपल्या 1961 च्या ग्रंथात त्याला प्रत्युत्तर दिले. हीण नाणे म्हणजे दरिद्री राज्य, असे समीकरण मांडता येत नाही. व्यापार वाढला, देवघेव खेड्यापाड्यांपर्यंत पोचली, तरीही उपलब्ध चांदी अधिक नाण्यांत वाटून घ्यावी लागते. उत्खननांत त्या काळच्या वस्त्यांचे जे अवशेष मिळतात, ते समृद्धी वाढल्याचे सांगतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. एकच आकडा, अर्थ दोन! हा वाद केवळ तर्काने सुटणारा नव्हे. त्यासाठी कोणत्या प्रकारच्या नाण्यात किती चांदी आहे, हे शेकडो नाण्यांबाबत खात्रीने कळले पाहिजे. आणि येथेच खरी अडचण सुरू होते.

आपल्याकडची सर्वांत जुनी परीक्षा कसोटीची. काळ्या दगडावर धातूची रेघ ओढायची आणि माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी तिचा रंग ताडून पाहायचा. अर्थशास्त्रातही तिचा उल्लेख आहे. अनुभवी डोळ्याला ती सोन्याबाबत पुष्कळ सांगते; चांदीबाबत कमी. दुसरी परीक्षा अग्नीची. धातूचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतात. शिसे आणि त्याबरोबर तांब्यासारखे हीण जळून मुरदाडशिंगाच्या रूपाने राख शोषून घेते आणि मुशीत चांदीचा मणी उरतो. हा मणी तोलला की कस कळतो. परीक्षा अचूक, पण नाणे मात्र संपले! कोणत्या वस्तुसंग्रहालयाचा अधिकारी ह्याला संमती देईल?

मग नाण्याला धक्का न लावता कस काढता येईल काय? आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकलो. चांदीचे विशिष्ट गुरुत्व 10.49, तांब्याचे 8.96. नाणे हवेत आणि पाण्यात तोलून त्याचे विशिष्ट गुरुत्व काढले की दोहोंचे प्रमाण निघावे. कागदावर हे सोपे दिसते. परंतु आहत नाण्याचे वजन साधारण 32 रत्ती, म्हणजे सुमारे 3.4 ग्रॅम. ते शुद्ध चांदीचे असेल तर 0.324 ग्रॅम पाणी बाजूला सारील. त्यात पाव हिस्सा तांबे असेल तर 0.338 ग्रॅम. फरक अवघा 14 मिलिग्रॅमचा, एका गुंजेच्या आठव्या हिश्श्याएवढा. नाण्याच्या भेगेत हवेचा एखादा बुडबुडा राहिला, गंजाने आत पोकळी पडली असली, की हिशेब चुकलाच. सोने तांब्याच्या दुपटीहून जड असल्याने सोन्याच्या नाण्यांना ही रीत मानवते, चांदीला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्ष-किरणांची पद्धत आली. नाण्यावर क्ष-किरण सोडले की त्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत फेकते. त्यांवरून कोणते द्रव्य किती हे कळते. नाण्याला ओरखडाही उमटत नाही, काही मिनिटांत काम होते. संशोधकांना साहजिकच वाटले की आता प्रश्न सुटला. पण हे किरण खोलवर पाहत नाहीत. केसाच्या जाडीइतक्या थरापलीकडचे त्यांना फारसे कळत नाही. आणि चांदीच्या नाण्याची कातडी हीच सर्वांत फसवी.

ती फसवी का, हे सोनाराला विचारावे. चांदी-तांब्याचा दागिना तापवला की पृष्ठभागावरचे तांबे काळे पडते; मग तो आंबट पाण्यात टाकला की काळे तांबे निघून जाते आणि वर शुभ्र चांदीचा पापुद्रा राहतो. सोनार याला उजळणे म्हणतो. प्राचीन टांकसाळींतही हेच घडत असे, कधी घडणीच्या ओघात, कधी जाणूनबुजून. पुढे नाणे जमिनीत दोन हजार वर्षे पडते. तिथेही तांबे आधी गंजते, हिरवा थर होऊन बाहेर येते आणि ओलाव्याबरोबर निघून जाते. शेवटी नाणे हाती येते तेव्हा कोणी तरी ते घासते. प्रत्येक टप्प्यावर कातडीतले तांबे कमी होते आणि चांदीचा भास वाढतो. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी आहत नाणीही मिळाली आहेत. त्यांना तर ही परीक्षा चोख चांदीचे प्रमाणपत्रच देईल!

ही फसगत केवढी असू शकते, याचे उत्तम उदाहरण रोमन नाण्यांनी दिले आहे. नीरो बादशहाने इ.स. 64 मध्ये दिनारियस या चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. 1970 च्या दशकात क्ष-किरणांनी झालेल्या मोठ्या तपासणीवरून त्या नाण्यात शेकडा 93 च्या आसपास चांदी असल्याचे मानले गेले होते. पुढे केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाण्याच्या कडेला बारीक छिद्र पाडून, कातडीचा चुरा टाकून देऊन, फक्त गाभ्याचा चुरा तपासला. निष्कर्ष निघाला शेकडा 80 चा! त्यांचा ग्रंथ 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि रोमन अर्थव्यवस्थेचे बरेच हिशेब नव्याने मांडावे लागले.

याचा धागा आपल्या दख्खनपर्यंत येतो. हैदराबादकडच्या वाचकांना नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्लीचे नाव ठाऊक असेल. तेथे दीड हजारांहून अधिक रोमन दिनारियस एका साठ्यात मिळाले. अशा भारतीय साठ्यांत बहुतेक चांदीची नाणी ऑगस्टस आणि टायबेरियस या नीरोपूर्व बादशहांची असतात. नीरोने कस उतरवल्यानंतरची फार थोडी. याला इतरही कारणे असू शकतील. परंतु दख्खनच्या बाजारातल्या पारख्याला रोमची कातडी फसवू शकली नाही, असे मानण्यास जागा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कसोटीच्या दगडावर ज्याला जे कळले, ते कळावयास आपल्याला गाभा कोरावा लागला.

कसोटीचा हा दगड आधुनिक प्रयोगशाळेतही एकदा अवतरला, ही गंमत येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ॲडन गॉर्डस यांनी चांदीच्या नाण्याची कडा खरखरीत केलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीवर घासून तिची सूक्ष्म रेघ उमटवली आणि ती नळी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवली. रेघेतले अणू किरणोत्सारी होतात आणि आपापली ओळख सांगतात. आपल्या सराफाची कसोटीच ही. फक्त रंग पाहणारा डोळा बदलला. पहिल्या एक-दोन रेघा टाकून दिल्या की कातडीचा दोषही बराच कमी होतो. संपूर्ण नाण्यावर न्यूट्रॉन सोडण्याच्या पद्धतीही आहेत. न्यूट्रॉन धातूच्या आरपार जात असल्याने त्यांना गाभाही कळतो.

कसाबरोबर चांदीचे माहेरही आता शोधता येते. चांदी बहुधा शिशाच्या खनिजातून निघते आणि कितीही शुद्ध केली तरी तिच्यात शिशाचा अंश राहतो. शिशाच्या 204, 206, 207 आणि 208 या चार समस्थानिकांचे परस्पर प्रमाण खाणीच्या भूगर्भीय वयानुसार बदलते. शिवाय चांदीत सोन्याचा जो लेश असतो तो मुशीत जळत नाही. तोही खाणीची खूण देतो. राजस्थानातील जावर, दरिबा आणि आगूचा येथील प्राचीन खाणींचा अभ्यास 1980 च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, हिंदुस्थान झिंक आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून केला. बडोद्याच्या बाजूने प्रा. के. टी. एम. हेगडे यांनी त्यात मोठा वाटा उचलला. दरिबा आणि आगूचा येथे शिसे-चांदीचे खाणकाम मौर्यकाळात जोमाने चालू होते, असे त्यातून दिसून आले. मौर्यांना चांदी कोठून मिळत होती, या प्रश्नाला त्यामुळे एक ठाम भूगोल मिळाला. अर्थात जुनी नाणी वितळवून नवी पाडली की अनेक खाणींची चांदी एकत्र होते आणि खुणा पुसट होतात. म्हणून येथेही एका नाण्यावर नव्हे, तर अनेक नाण्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

'अनेक नाणी' हा शब्द मी पुन्हापुन्हा वापरतो आहे, आणि या सर्व विवेचनाचे सार त्यातच आहे. कोसंबींचे घड्याळ चालले ते साठा अखंड राहिला म्हणून. एकाच मडक्यातल्या सर्व नाण्यांनी एकाच मातीचा ओलावा सोसलेला असतो, म्हणून त्यांची आपसांतली तुलना खरी ठरते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेला साठा याची साक्ष देईल. क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी त्यात होती आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा पाडाव झाल्यावरही त्याचे चलन सातवाहनाने वितळवले नाही. जिंकलेल्या चांदीवर फक्त आपली मुद्रा उमटवली. हे आपण जाणतो, कारण तो साठा मोजला गेला. त्यांतली वीस-पंचवीस सुबक नाणी तेवढी संग्राहकांकडे गेली असती आणि बाकीची भट्टीत, तर हे प्रमाण कधीच कळले नसते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि परमेश्वरीलाल गुप्त व टेरी हार्डेकर यांनी आहत कार्षापणांचे वर्गीकरण 1985 मध्ये तेथूनच प्रसिद्ध केले. अशा वर्गीकरणाला आता कसाच्या खात्रीच्या आकड्यांची जोड मिळत राहिली पाहिजे. मौर्यांच्या चांदीचा वाद सुटावयाचा तर तो त्याच मार्गाने सुटेल.

म्हणून आपल्यासारख्या जुन्या घराण्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या देवघरांत, फडताळांत, आजोळच्या पेट्यांत अशी नाणी आजही असतील. त्यांचे मोल तोळ्यावर करू नये. ती चिंचेने, लिंबाने, राखेने किंवा बाजारच्या पावडरीने घासू नयेत. हिरवा-काळा थर दिसावयास ओंगळ असला तरी तोही पुरावाच आहे. पाच नाणी एकत्र मिळाली असतील तर पाच भावंडांत ती वाटू नयेत, एकत्र राहू द्यावीत. आणि ती कोणी, कोठे, केव्हा आणली हे चार ओळींत लिहून त्यांच्याजवळ ठेवावे. शेतात किंवा वाड्याच्या पायात नव्याने काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतोच. कायद्याच्या भीतीने गुपचूप सराफाकडे जाणारी चांदी हीच आपल्या इतिहासाची सर्वांत मोठी गळती आहे.

आमच्या पुरचुंडीतले दोन तुकडे आजी गेल्यापासून मी घासलेले नाहीत. त्यांच्यावर हळूहळू काळसर छटा चढली आहे आणि ताम्हनात ती इतर नाण्यांत विजोड दिसतात. आत्याचे वाळे तिच्या मुलीकडे आहेत. तिच्या नातवंडांनीही ते घातले. त्यात चांदी तेवढीच आहे, मौर्यांचे किंवा त्यांच्याही आधीच्या कोणाचे तांबेही थोडे असेल. पण ती पाच नाणी कोणत्या चिन्हांची होती, मागच्या बाजूवर पारखीच्या किती खुणा होत्या, वजन किती उतरले होते, यांतले आता काहीही सांगता येणार नाही. त्यांच्या कसाबद्दल एकच नोंद शिल्लक आहे, ती त्या सराफाच्या तोंडची : चांदी चोख नाही, तांब्याची भेळ आहे. तीही आजीने सांगितली म्हणून उरली.